चौदा नंबरचा पाना

दोन हजार बारा सालची खंडेनवमी. पूजेची गडबड आवरून मी हात पुसत परड्यात आले, तर वैजयंता पिकअपमध्ये बसून चावी फिरवत होती. गाडी खर्रर्र करायची आणि गप्प व्हायची. पुन्हा खर्रर्र, पुन्हा गप्प.

"आत्याबाई, ही उठंना झाली," ती म्हणाली.

वैजयंता माझी सून. माझा मुलगा भारत जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माहेरी जा म्हणायला सगळं गाव होतं, पण ती राहिली आणि आमच्याबरोबर बांबू फोडत बसली. आम्ही बुरूड. पाट्या, सुपं, कणग्या, कोंबड्यांचे डालगे, हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. भारतने त्यात पिकअपची भर घातली होती. माल वाहायला दुसऱ्याच्या दारात जायला नको म्हणून त्याने ही छोटी पेट्रोलची गाडी जुन्यातून घेतली. पांढरी गाडी, आणि ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा तेवढा निळा. तो निळा दरवाजा भारत गेल्यानंतरचा. भंगारातून दुसरा मिळाला तो बसवला होता.

गाडीच्या मागच्या हौद्यात वैजूचा माल रात्रीच भरून झाला होता. त्यात पाट्या नव्हत्या. बांबूच्या बारीक कामट्यांचे दिवे होते, आत बल्ब लावला की भिंतभर जाळी पडेल असे. वर्षभर खपून तिने ते केले होते. पुण्याला बचत गटांचं मोठं प्रदर्शन दसऱ्याला सकाळी उघडणार होतं आणि तिला त्यात जागा मिळाली होती. उघडायच्या वेळी जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला, असं त्यांनी बजावलं होतं. तिच्या भावानेही बजावलं होतं, वेगळ्या तऱ्हेने. "एवढा दसरा बघ. काय जमलं तर ऱ्हा, न्हाई तर दिवाळीनंतर मी न्यायला येतो. माझ्या पोल्ट्रीवर माणूस पायजेच हाय." भाऊ वाईट नव्हता. पण पोल्ट्रीवर गेल्यावर तिच्या हातात पुन्हा कामटी आली नसती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"दुसरा टेम्पो बघू?" मी विचारलं.

"आज? आज समदे टेम्पो झेंडूवर हायेत, आत्याबाई. बैलगाडीसुदिक मोकळी नसंल."

मी दस्तगीर मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

दस्तगीरचं गॅरेज गावाच्या वेशीजवळ होतं. भारत शाळा सोडून पहिल्यांदा त्याच्याच हाताखाली राहिला होता. तो आला, पण पांढरा शर्ट घालून, कपाळाला बुक्का लावून, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"वहिनी, आदीच सांगतो. बघीन, ऐकीन, बोलीन. हात लावणार न्हाई. आज खंडेनवमी."

"अरं, तू मुसलमान की रं," मी म्हटलं.

"म्हनून काय झालं? माझा वस्ताद बाळकू लोहार. त्यानं हातात पयला पाना दिला तवाच सांगितलं हुतं, ह्या दिवशी हत्यार निजतं. उठवायचं न्हाई. माझ्या गॅरेजातली हत्यारं सकाळीच फुलं घालून बसवल्यात. अख्ख्या गावात आज एक पाना मोकळा घावायचा न्हाई."

खरंच होतं ते. आमच्या सोप्यात ह्यांनीही पाट मांडून पूजा केली होती. बांबू फोडायचे कोयते, कामट्या तासायच्या सुऱ्या, करवत, माझी विळीसुद्धा. आणि कडेला एका फडक्यावर भारतचे पाने, ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत. भारत होता तेव्हा तो ते असेच एका कापडात गुंडाळून ठेवायचा. तो गेल्यापासून हे दर खंडेनवमीला ते पाने बाहेर काढायचे, तेलाचा हात फिरवून लखलखीत करायचे, एकेकाला हळद-कुंकू लावायचे. त्या वेळी मी सोप्यात जात नसे.

दस्तगीर डालग्यावर बसला. "वैजू पोरी, चावी निस्ती लाव. स्टार्टर मारू नगं. वहिनी, तुमी मागं टाकीला कान लावा. घूंऽऽ असा आवाज येतुया का?"

मी वाकले. गाडीच्या पोटाखाली कडेला पेट्रोलची टाकी होती, तिला कान लावला. गार पत्रा. आत काही नाही.

"न्हाई बा."

"परत लाव गं. आता?"

"न्हाई."

"फ्यूज बदलून बघ. हॉर्नचा काढ, तिथं घाल."

तेही झालं. टाकी मुकीच.

"मग पंप गेला," दस्तगीर म्हणाला. "टाकीच्या आत असतोय. पेट्रोल वर ढकलतो तो. त्यो गेला म्हंजी संपलं. टाकी उतरवायची, जुना काढायचा, नवा घालायचा. आवघड न्हाई, पर हत्यार लागतं. परवा सकाळी मी सवता करून दीन."

"परवा नगं," वैजू म्हणाली. "काका, नवा पंप मिळंल का आज?"

दस्तगीरने तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला. तालुक्याच्या दुकानदाराशी बोलला. दुकानाची पूजा दुपारी होती, तोवर तो माल द्यायला तयार होता. वैजू वडापच्या जीपला लोंबकळत गेली आणि पूजा सुरू व्हायच्या आत पंपाचा खोका छातीशी धरून परत आली. दस्तगीर तोवर डालग्यावरच बसून होता. मी दोनदा चहा केला. एरवी परड्यात कुत्रं भुंकलं तरी हे काठी घेऊन यायचे. आज आले नाहीत. सोप्यातच बसून राहिले, पूजेसमोर.

ह्यांचं गाडीशी काय होतं ते आम्हा दोघींना कधी उमगलं नव्हतं. गाडी विकायची गोष्ट काढली की उठून जायचे. वैजूने गाडी चालवायला घेतली तेव्हा नाही म्हणाले नाहीत. पण पेट्रोल भरायची वेळ आली की शेजारी चढून बसायचे, आणि पंपावरच्या पोराला स्वतः सांगायचे, एवढंच टाक. तालुक्याला जाऊन यायला पुरेल इतकंच, त्यावर थेंब नाही. गाडीत आकड्यांच्या जागी एक पिवळा दिवा होता. तो कायम पेटलेला. मला वाटायचं, गाडीला तो असतोच, देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखा. "मामा लई चिकट हायेत बघा," वैजू म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो. पुण्याच्या प्रदर्शनाचं तिने सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले होते, "बघू."

"हत्यार आणा मग," दस्तगीर म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

वैजूने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यासमोर ती पदर सावरून उभी राहायची, मागणं तिला जमलं नसतं.

मी सोप्यात गेले. पूजेपुढे वाकले, हात जोडले आणि पान्यांवरची फुलं बाजूला सारली.

"ए!" हे ओरडले. "काय करतीस?"

"गाडी दुरुस्त करायचीय."

"उद्या. शिलंगण झाल्यावर. आज हत्यार उचलायचं नसतं, येवढं कळना व्हय तुला?"

"नऊ दिस देवी लढली म्हनत्यात. आजच्या दिवशी तिनं हत्यार खाली ठिवलं असतं तर त्यो म्हैसासुर कुनी मारला असता?"

"लई शानी झालीस. उचल. घरात काय इपरीत झालं तर माझ्याकडं बघू नगंस."

"घरात व्हायचं ते हून गेलंय," मी म्हटलं.

ते बोलून गेल्यावर मलाच कसं तरी झालं. ह्यांनी मान फिरवली. मी पाने पदरात घेतले. एकेकावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, ते माझ्या पदराला लागलं. निघताना मागून आवाज आला, पण रागाचा नव्हता.

"नीट धरा. हातातनं निसटला तर पायावर पडंल."

परड्यात दस्तगीरने पदरातले पाने पाहिले आणि कपाळाला हात लावला. पाप की पुण्य ते त्याने सांगितलं नाही. "बॅटरीची तार आदी काढ," एवढंच म्हणाला. "चूल पेटलीय का? विझवा. आनि घटाचा दिवा?"

"त्यो विझवायचा न्हाई," मी म्हटलं. "अखंड हाय."

"देव्हाऱ्यात हाय ना? मग लांब हाय. पर टाकी हितं उघडायची न्हाई. उतरवून पार त्या चिंचंखाली न्यायची. वारं बी तिकडंच वाहतंय."

तेवढ्यात हे मागल्या दाराच्या पायरीवर येऊन बसले. सवयीने विडी काढली.

"श्रीपतीदादा," दस्तगीर म्हणाला, "ती विडी ओढायची आसंल तर म्हसोबाच्या माळावर जाऊन ओढा. न्हाई तर टाकीसंगट आपुन समदे वर जाऊ, आन दसऱ्याचं सोनं वाटायला कुनी उरायचं न्हाई."

ह्यांनी विडी पुन्हा कानावर ठेवली.

वैजू गोणपाट अंथरून गाडीखाली शिरली. टाकीला दोन पट्टे होते, लोखंडी, गंजलेले. पट्ट्यांना बोल्ट.

"कितीचा बसतोय?" दस्तगीरने विचारलं.

"बारा चढंना झालाय."

"चौदा घे मग."

मी चौदा नंबरचा पाना तिच्या हातात दिला. तिने जोर लावला. बोल्ट ढिम्म. पुन्हा लावला. तिच्या मनगटाची शीर मला बाहेरून दिसत होती.

दस्तगीर डालग्यावरून अर्धा उठला, मग आठवून बसला, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घातले. "हातच सळसळत्यात बघा, वहिनी," तो म्हणाला. "माझ्या गॅरेजात लांब पायपाची नळी आसती. पान्यावर चढवली की पोरगं बी बोल्ट फिरवतं."

"लांब नळी?" खालून वैजू म्हणाली. "आत्याबाई, त्यो जुना कळक हाय न्हवं, भट्टीवर शेकलेला?"

मी धावत गेले. बांबूत जन्म गेलेल्या बाईला हे आधी कसं सुचलं नाही! जाड भिंतीचा, वाळून लोखंड झालेला कळक होता. त्याचं हातभर नळकांडं तिने पान्याच्या दांड्यावर चढवलं, पाय गाडीच्या चाकाला लावले आणि ओढलं. करकरत बोल्ट फिरला.

"फिरला गं माझी वाघीन!" दस्तगीर ओरडला. पायरीवर हे मान पुढे काढून बघत होते.

टाकी खाली येताना धरायला काय घ्यायचं, तर आमच्याकडे पाट्यांना काय तोटा. दोन भक्कम हारे, मोठाल्या टोपल्याच त्या, पालथे घालून त्यावर गोणपाट टाकलं आणि टाकी अलगद त्यांच्यावर उतरवली. नळ्या सोडवल्या, विजेची खिट्टी काढली. मला वाटलं होतं टाकी जड असेल. आम्ही दोघींनी ती सुपासारखी उचलली.

"भरल्याली आसती तर तुमच्या बापाला पेलली नसती," दस्तगीर म्हणाला. टाकी चिंचेकडे नेली तसा टाकीवरची नजर न काढता तोही डालगा ओढत मागोमाग आला.

चिंचेखाली आम्ही टाकीवरची माती आधी झाडणीने, मग ओल्या फडक्याने पुसून काढली. वरच्या बाजूला मोठं गोल कडं होतं, त्याने पंप आत धरून ठेवला होता. ते कडं ठोकून फिरवायचं.

"हातोडी नगं," दस्तगीर म्हणाला. "लोखंडावर लोखंड आपटलं की ठिनगी. घरात पितळ काय हाय?"

मी आत जाऊन खलबत्त्यातला पितळी बत्ता आणला. माझ्या आईने लग्नात दिलेला. वैजूने कड्याच्या कंगोऱ्याला लाकडाची खुंटी लावली आणि वरून बत्त्याने हळूहळू ठोकलं. टण नाही, ठक ठक. कडं सरकलं. झाकण वर आलं आणि पेट्रोलचा वास एकदम डोळ्यांत गेला.

"तोंड बाजूला घ्या. आता वर उचल, तिरकं करून. त्या तारंला एक तरंगतं बोंडुक हाय, त्ये अडकंल, जपून."

पंप बाहेर आला. हाताएवढा, खाली काळी पडलेली जाळी. वैजूने तो दस्तगीरपुढे धरला. त्याने हात न लावता नाक पुढे नेलं, हुंगला, डोळे बारीक करून बघितला. पंपाचं वरचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं, एका बाजूने चेंबल्यासारखं दिसत होतं.

"जळलाय," तो म्हणाला.

"कशानं?"

"कोरडा चालवून. आगं, पंप पेट्रोलात बुडून ऱ्हायला तर गार ऱ्हातो. पेट्रोल म्हंजी त्याचं पानी. तळाला बोटभर तेल ठिवून गाडी पळवली की त्यो उघडा पडतो, तापतो. रोज तापला की एक दिस आसा." त्याने मान हलवली. "टाकीत डोकवा. कायम बोटभरच ऱ्हात आसंल हितं. कडंला गंजाची रेघ बघा, खाली हाय ती. कोन भरतं पेट्रोल?"

वारा पडला होता. चिंचेचं पान हलत नव्हतं. मी पायरीकडे बघायचं टाळलं.

"मीच," वैजू म्हणाली. "मीच कमी भरते, काका."

"तू?" दस्तगीर भडकला. "भारतची बायको हायेस तू! त्या पोराला मी शिकवलं हुतं, टाकी कदी अर्ध्याच्या खाली यिऊ द्यायची न्हाई. त्यानं तुला येवढं बी सांगितलं न्हाई? चार पैशासाठी गाडीचा जीव घेतलास की. आनि आज गळ्याशी आलं तवा..."

"दस्तगीर."

हे उठून आले होते. अनवाणी, कानावर विडी तशीच.

"तिला बोलू नगंस. मी भरू दीत न्हाई."

वैजूने जळका पंप फडक्यावर ठेवला आणि पदराने हात पुसत राहिली, पुसण्यासारखं काही नसताना.

"का?" मी विचारलं. दोन वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

ह्यांनी टाकीच्या काळ्या तोंडाकडे बघितलं.

"वाशीला पाट्या पोचवायच्या हुत्या तवा," ते म्हणाले. "पहाटंच्या बाजाराला. त्यो म्हनला, आबा, अर्धी टाकी हाय, वाटंत भरीन, थांबीन तवा चहा बी घीन. मी म्हनलं, वाटंत कशाला थांबतोस? उशीर हुईल. मीच गेलो पंपावर. गळ्यापातूर भरून आनली. म्हनलं, जा आता, कुटं थांबायला नगं. आन त्यो कुटंच थांबला न्हाई."

पुढचं सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. रस्त्याच्या कडेला उभा असलेला कंटेनर, पहाटेची वेळ, भारतला लागलेला डोळा. पण त्याआधीचं हे मला ठाऊक नव्हतं. ज्या बाईने ह्या माणसाबरोबर तीस वर्षं एका चटईवर बसून बांबू फोडला, तिलासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं.

"वाटलं, टाकीत तेल नसलं तर कुनी लांब जायचंच न्हाई," ते म्हणाले.

वैजू त्यांच्याकडे कधी तोंड वर करून बघत नसे. त्या दिवशी बघितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर काही लागेल असं बोलेल, तिला हक्क होता. ती म्हणाली, "मामा, त्यांस्नी चहा कुटं बी मिळाला असता. रातचं बी टपऱ्या उघड्या असत्यात. त्ये थांबले न्हाईत, ह्यात पेट्रोलचा काय दोष? मी संगट असती तर मी थांबवलं असतं. मलाबी त्येच वाटतंय, रोज."

हे वळले, गोठ्यापाशी गेले, सायकल काढली. मागे दोन रिकामे कॅन बांधले आणि काही न सांगता परड्याच्या फाटकातून निघून गेले.

दस्तगीरने मांडीखालचे हात काढून तोंडावरून फिरवले. मग घसा खाकरला. "नवं वायसर बसव पोरी. जुनं वापरायचं न्हाई, गळती लागंल. कडं जसं काढलं तसंच उलटं ठोक."

आम्ही कामाला लागलो. नवा पंप आत गेला, कडं बसलं, टाकी हाऱ्यांवरून पुन्हा गाडीच्या पोटाला लागली. वैजू खाली पडून बोल्ट आवळत होती आणि मी टाकीला खालून खांदा देऊन बसले होते. दोघींच्या मध्ये तो कळक. एकदा तिने नाक ओढलं, मी विचारलं नाही. शेवटचा बोल्ट आवळून तिने पाना माझ्या हातात दिला तेव्हा त्याच्यावरचं कुंकू पुसून गेलं होतं, आणि तिच्या तळव्यावर लाल ठसा होता.

टाकीच्या तळाशी बोटभर पेट्रोल होतंच. बॅटरीची तार लावली.

"वहिनी, कान लावा," दस्तगीर म्हणाला.

मी वाकले. वैजूने चावी फिरवली. पत्र्याच्या आत, खूप खोलवर, घूंऽऽ असा आवाज उठला. गाभण म्हशीच्या पोटाला कान लावल्यावर रेडकाची चाहूल लागावी तसं मला झालं. मी तशीच बसून राहिले.

"येतुया का?" दस्तगीर ओरडला.

"येतोय रं बाबा, येतोय."

गाडी पहिल्या फटक्याला उठली. समोरचा पिवळा दिवा पेटलेलाच होता.

हे परतले तेव्हा उन्हं कलली होती. सायकल हातात धरून चालत आले, दोन्ही कॅन भरलेले, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून त्यांनी नरसाळं केलं होतं. वैजू पुढे झाली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." एक कॅन ओतला. दुसरा ओतला. थेंब सांडला नाही. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल चमकताना दिसलं तेव्हा थांबले.

"चावी लाव," ते म्हणाले.

तिने लावली. पिवळा दिवा लागला, क्षणभर राहिला आणि मावळला. मी तो दिवा गेलेला पहिल्यांदाच पाहिला.

ह्यांनी निळ्या दरवाजावर हात ठेवला. "हे बघ वैजयंता," ते म्हणाले. एरवी ते तिला नावाने हाक मारत नसत. "टाकी भरल्याली हाय म्हनून थांबायचं न्हाई आसं नसतंय. थांबत जा. चहाला थांब. भूक नसली तरी थांब. डोळ्यावर पानी मार. उशीर झाला तर झाला, त्यांची जागा गेली तर गेली."

"व्हय, मामा."

"आन हिला ने." त्यांनी माझ्याकडे न बघता अंगठा दाखवला. "ही बडबड करती. हिच्या शेजारी बसून कुनाची झोपायची टाप न्हाई."

"मी?" मी म्हटलं. "आन उद्याचं शिलंगण? तुमचं जेवान?"

"आज सकाळी देवीच्या गोष्टी सांगत हुतीस. जा आता. करीन मी माझं."

मी तशीच बसले गाडीत, अंगावरच्या लुगड्यानिशी. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मागे वळून पाहिलं. हे परड्यात उकिडवे बसून पाने धूत होते.

पुण्यापर्यंत आम्ही जिथे टपरी दिसली तिथे थांबलो. वैजू हसायला लागली, आत्याबाई, पोटात आता चहाची विहीर झालीय. तरी थांबलो. दसऱ्याला सकाळी मांडव उघडला तेव्हा आमचे दिवे टांगून झाले होते.

पहिल्या प्रदर्शनात ते फार खपले असं नाही. लोक बघायचे, हात लावायचे, पुढे जायचे. पण एक माणूस पुन्हा पुन्हा आला, आणि पुढल्या वर्षी त्याच्या हॉटेलासाठी ती दिवे करत होती. दिवाळीनंतर भाऊ न्यायला आला, तर तिने त्याला चहा पाजून, दोन दिवे देऊन परत पाठवला. पुढे तिने गावातल्या बायकांना हाताशी घेतलं. चार वर्षांनी तिने कराडच्या एका सुताराशी लग्न केलं, तो प्रदर्शनातच ओळखीचा झाला होता. कन्यादान ह्यांनी केलं. ती आता कराडला असते. महिन्याला येते, मला औषधं आणते, माझ्या केसांना तेल लावते आणि भांडतेही.

दस्तगीरला मधुमेहाने गाठलं. गॅरेज त्याचा पुतण्या बघतो. खंडेनवमीला म्हातारा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो, हात मांडीखाली.

पांढरी पिकअप शेवटी भंगारात गेली. निळा दरवाजा तेवढा ह्यांनी काढून घेतला. कोंबड्यांच्या खुराड्याला तो अजून आहे.

बत्ता मी किती चिंचेने घासला, तरी चटणीला पुढे कितीतरी दिवस पेट्रोलचा वास यायचा. हे एक अक्षर न बोलता खायचे.

हे जाऊन आता पाच वर्षं झाली. शेवटपर्यंत वैजूचा फोन आला की ख्यालीखुशाली नंतर, पहिला प्रश्न एकच. "वाटंत चहा घेतला न्हवं?" घरात बसून फोन केला असला तरी ती म्हणायची, "घेतला, मामा."

त्या प्रसंगानंतरची पुढली खंडेनवमी मला आठवते. ह्यांनी पाट मांडला. कोयते, सुऱ्या, करवत. कडेला भारतचे पाने, आणि त्यांच्या शेजारी तो जळका पंप. फेकायला दिला असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी तो घासून ठेवला होता. त्याला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल वाहिलं. मी सोप्याच्या उंबऱ्यात उभी राहून ते सगळं पाहिलं, त्या वर्षी पहिल्यांदाच.

मग त्यांनी पान्यांच्या ओळीतून एक उचलला, फडक्याने पुसला आणि पूजेबाहेर, खिडकीच्या फळीवर ठेवून दिला. चौदा नंबरचा.

"ह्यो का बाजूला?" मी विचारलं.

"असू दे मोकळा," ते म्हणाले. "कुनाला लागला तर."

आता पूजा मी मांडते. अजून तो तिथेच ठेवते.